चार स्पीकरच्या पेटीची व्यवस्था

मी, खाली सही करणारी डेल्मा रूथ कॅथकार्ट, माहेरची प्रेवेट, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा सुतारकाम, राहणार ऑस्प्रे स्ट्रीट, दक्षिण बर्नी, टास्मानिया, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही असे वकीलबाई म्हणतात. मला कोणी धाक घातलेला नाही, लालूच दाखवलेली नाही, आणि शेरीचा पेला मी सही झाल्यावर घेणार आहे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते. ते रागात लिहिले होते, आणि तो राग चुकीच्या माणसावर होता. त्याचा खुलासा पुढे केला आहे.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाई ब्रोनवेन हॅलोरन यांनी करावी. "एवढं सगळं यात कशाला, डेल्मा? कोणाला काय द्यायचं तेवढं सांग की," असे त्या मला म्हणाल्या. मी म्हटले, "नुसतं तेवढं वाचून माझ्या माणसांना काहीच कळायचं नाही." त्यांनी उसासा टाकला आणि लिहून घेतले. याबद्दल त्यांचे आभार.

कलम २. राहते घर, त्यातले सामान आणि बँकेतली शिल्लक माझी एकुलती एक मुलगी टॅमसिन, राहणार मेलबर्न, हिला मिळावी. घर विकायचे तर खुशाल विकावे, मात्र समुद्राकडच्या खिडक्या वाऱ्यात खडखडतात हे घेणाऱ्याला आधी सांगावे. लोकांना घाबरवून टाकायची या घराला सवय आहे.

टॅमसिन घरी येते तेव्हा मागच्या दाराने येते, स्वयंपाकघरात बसते आणि मागच्या दाराने जाते. पुढच्या खोलीत ती मोठी झाल्यापासून गेलेली नाही. मृत्युपत्र नव्याने करते आहे असे मी तिला फोनवर सांगितले, तेव्हा तिने घराचे नावही काढले नाही.

"आई, ती मोठी पेटी माझ्या नावावर करू नकोस."

"नाही करत."

"शपथ घे."

"अगं, शपथ कशाला? वकिलासमोर लिहून देते."

म्हणून लिहून देते. पुढच्या खोलीतली चार स्पीकरची मोठी पेटी टॅमसिनला देऊ नये, आणि मी गेल्यावर ती उचलायच्या वेळी तिला बोलावूही नये. तिला यात कोणी भित्री म्हणू नये. ती का घाबरते ते मला ठाऊक आहे, आणि तिचे काही चुकले असे मला वाटत नाही.

कलम ३. परसातली कार्यशाळा घराबरोबर जाईल, पण आतली हत्यारे जाणार नाहीत. करवती, पटाश्या, माझ्या वडिलांचे रंधे, सगळे शिकंजे आणि गोल भोक पाडायचे यंत्र विलियामी ताउफा याला द्यावे. विलियामी मूळचा टोंगाचा, आता डेव्हनपोर्टजवळच्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यावर मुकादम आहे आणि रविवारी त्यांच्या चर्चमध्ये गिटार वाजवतो. मळ्याचा हंगाम संपला की तो माझ्याकडे काम शिकायला येतो. गेली काही वर्षे वजन उचलायचे सगळे काम त्यानेच केले आहे.

हत्यारांची हकिकत अशी. माझे वडील अल्बन प्रेवेट शवपेट्या बनवत. अख्ख्या बर्नीची माणसे त्यांनी मापली. मी हाताशी आले तेव्हा लोक त्यांना म्हणत, "पोरीच्या हातात रंधा देतोस, अल्बन?" वडील म्हणत, "रंधा कोणी मारला ते गिऱ्हाइकाला कळत नाही." पुढे पबांमधून गाणारी-वाजवणारी पोरे आमच्या दारात येऊ लागली. गिटारचा आवाज मोठा करणारा अॅम्प त्यांच्याकडे असे, पण तो ज्यातून ऐकू येतो ते स्पीकर बसवायला पेटी नसे. परदेशी पेट्या परवडत नसत. वडिलांनी हात झटकले. "नाचणाऱ्यांच्या पेट्या तू कर. माझी माणसं निवांत असतात." तेव्हापासून तो धंदा माझा.

विलियामीने धंदा चालवला तर त्याच्यासाठी लिहून ठेवते. गिऱ्हाईक आले की पहिल्यांदा विचारायचे, वाजवणार कुठे? घरी वाजवणार असेल तर एक स्पीकर पुरे, दहा इंची किंवा फार तर बारा इंची, आणि पेटीची पाठ उघडी ठेवायची, म्हणजे आवाज खोलीभर पसरतो आणि हळू वाजवूनही गोड लागतो. पबात दोन बारा इंची. तेवढ्यात ढोलाच्या वर आवाज निघतो आणि एकटा माणूस पेटी जिना चढवून नेऊ शकतो. चार बारा इंची, बंद पाठीची, ही मैदानासाठी आणि मोठ्या सभागृहासाठी. ती छातीत धक्का देते आणि समोरच्यालाच देते, बाजूच्याला बोथट लागते. घरात ती आणणे म्हणजे चहा ढवळायला वल्हे घेणे. हल्ली तर लहान पेटीसमोर माइक ठेवला की सभागृहाचे मोठे स्पीकर पुढचे काम करतात. तरीही दर दुसरा पोरगा चारचीच मागेल, कारण तिच्यापुढे उभे राहिले की फोटो चांगला येतो. त्याला दोनदा नाही म्हणायचे. तिसऱ्यांदा मागितली तर बांधून द्यायची. मी तेच करत आले.

कलम ४. माझे पती रॉस कॅथकार्ट यांच्यासाठी मी तीन पेट्या बांधल्या. त्या तिन्ही अजून माझ्याकडे आहेत आणि तिघी तीन ठिकाणी जायच्या आहेत, म्हणून थोडे मागून सांगते.

रॉस कागदाच्या गिरणीत कामाला होता आणि शनिवार-रविवार पबांमध्ये गिटार वाजवी. बरोबर नगेट डाउलिंग. नगेट गिटारही वाजवी, गाडीही चालवी आणि तोंडही चालवी. रॉस पहिल्यांदा पेटी सांगायला आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे विचारले, "वाजवणार कुठे?"

"जिथे बोलावतील तिथे."

"आणि कोणी नाही बोलावलं तर?"

"मग इथेच. तुझ्या दारात."

घरासाठी एक दहा इंची आणि पबासाठी दोन बारा इंची, अशा दोन पेट्या मी त्याला करून दिल्या. चारची त्याने तिसऱ्यांदा मागितली तेव्हा आमचे लग्न ठरले होते. जाड प्लाय, कोपरे एकमेकांत दाताला दात घालून चिकटवलेले, वरून काळे कातडी कापड. ती मी आजवर बांधलेली सगळ्यात चांगली पेटी आहे. दोन माणसांशिवाय हलत नसे.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये त्यांना क्वीन्सटाउनला बोलावले. खाणकामगारांचा लहानसा पब, छत हाताला लागेल एवढे. मी म्हटले, दोनची घेऊन जा. रॉसने दोनचीच दाराशी आणून ठेवली होती. नगेट गाडी घेऊन आला आणि तिच्याकडे बघून हसला. "काय रे, खाणवाल्यांसमोर ही टिफिनची पेटी घेऊन जाणार?" रॉस घरात गेला आणि दोघांनी मिळून मोठी उचलून आणली. गाडीत मागच्या बाजूला ती पट्ट्याने आवळून बांधताना मी नगेटला पाहिले नाही. टॅमसिन दोन वर्षांची होती, मी तिला भरवत होते.

डोंगरातल्या वळणांवर दुपारी पाऊस होता. रस्त्यात वॉलबी, म्हणजे लहान कांगारू, उडी मारून आली, नगेटने ब्रेक दाबला, गाडी घसरून कड्याला टेकली. नुसती टेकली. समोरची काचसुद्धा शाबूत राहिली. मागची पेटी मात्र थांबली नाही. ती पुढे आली आणि रॉसच्या मानेवर बसली. नगेटला खरचटलेही नाही.

चौकशी झाली. नगेट म्हणाला, पट्टा मी बांधला होता, तो सुटा कसा झाला ते मला सांगता येत नाही. निष्कर्ष अपघाताचा निघाला. गावात मात्र सगळे समजायचे ते समजले, की नगेटने पट्टा ढिला बांधला, आणि मीही तेच समजले.

रॉसची शवपेटी वडिलांनी आणि मी बांधली. वडील म्हणाले, "तू बाजूला हो, मी करतो." मी झाले नाही. अंत्यविधीच्या दिवशी रॉसची थोरली बहीण मर्ल दफनभूमीच्या फाटकात मला अडवून उभी राहिली.

"दोन्ही तूच बांधल्यास," ती म्हणाली. "पहिलीचं माप चुकलं म्हणून दुसरी करावी लागली."

मर्लने पोलिसांकडून रॉसची गिटार नेली. आईची इच्छा म्हणाली. पेटी माझ्या दारात आणून टाकली. त्यानंतर चाळीसहून जास्त वर्षे गिटार तिच्या घरात राहिली आणि पेटी माझ्या. आमच्या दोन घरांत एक टेकडी आहे. बाजारात आम्ही एकमेकींना पाहून रस्ता बदलत असू. दोघींनी एकदमच बदलला की पुन्हा समोरासमोर येत असू.

कलम ५. वडील पेटी फोडायला निघाले होते. मी ती पुढच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवली. तिला अॅम्प जोडला नाही, वीज दाखवली नाही. ही गोष्ट मी शपथेवर सांगते, कारण पुढचे वाचताना तिची गरज पडेल.

टॅमसिन शाळेत गेल्यावर तिला गिटार शिकायची हौस आली. मी घरची दहा इंची पेटी मागच्या खोलीत लावून दिली. एका दुपारी मी कणीक मळत होते, ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, पुढच्या खोलीत कोण आहे?"

"कोणी नाही ग."

"मग माझ्यामागून कोण वाजवतंय?"

मी हात न धुताच गेले. तिला म्हटले, पुन्हा वाजव. ती मागे वाजवत राहिली आणि मी पुढे उभी राहिले. पेटी बोलत होती. सगळ्या सुरांना नाही. खालच्या जाड तारेला, आणि तिच्यातल्याही एकाच जागेला. पोरीचा सूर संपत आला की पेटीकडून तो सुरू होई, घोगरा, भिंतीकडे तोंड करून. मी तिच्या कापडावर हात ठेवला. आत कोणीतरी उरावर गोधडी घेऊन घोरत असावे तसे हाताला लागले. तळहातावर कणकेचे पीठ होते. त्या काळ्या कापडावर ते उमटले आणि मी ते पुसले नाही.

आता मी धंद्यातली आहे, कारण मला ठाऊक आहे. स्पीकर म्हणजे कागदाचा पडदा. त्याला जशी वीज हलवते तसा दुसऱ्याचा आवाजही हलवतो. वायर असो वा नसो, खोलीत कोणी वाजवले की शेजारची मुकी पेटीही थोडी थरथरते. चार मोठे पडदे असले की जास्त. टॅमसिनला मी हे सगळे समजावून सांगितले. तिने नीट ऐकून घेतले.

"म्हणजे बाबा नाहीत ना?"

"नाहीत."

"मग तू त्यांच्याशी का बोलत होतीस?"

त्यानंतर तिने गिटारला हात लावला नाही. मला मात्र तो आवाज सारखा येऊ लागला. लाकडांचे ट्रक चढावर गियर बदलत, तेव्हा येई. समुद्रावरून जहाजाचा भोंगा वाजे, तेव्हा येई. रॉस घरात शिरताना घसा खाकरायचा, तसाच. मी भांडी घासता घासता "आलास?" म्हणू लागले. एकदा शेजारीण बसली होती, तिच्यासमोर म्हटले. तिने चहा अर्धा टाकला.

टॅमसिन शिकायला मेलबर्नला गेली तेव्हा मी ठरवले, आता पुरे. स्पीकरच्या वायरची दोन टोके एकमेकांना जोडली की त्याचा पडदा जड होतो, दुसऱ्याच्या आवाजाने सहसा हलत नाही. मी तशी दोन टोके जोडलेली एक पिन केली आणि पेटीच्या पाठीच्या भोकात खुपसली. ट्रक गेला. पेटी गप्प. भोंगा झाला. गप्प. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि सबंध दिवस वाट पाहिली. आवाज येत होता तोवर रॉस मेलेला होता. आवाज थांबला आणि मला वाटू लागले, असा कोणी माणूस झालाच नव्हता, मी एका लाकडी खोक्याशी लग्न केले होते. मी पिन उपटून काढली. इतक्या जोराने की भोकाचा पत्रा वाकला. तो अजून वाकडा आहे. विलियामीने तो दुरुस्त करू नये.

कलम ६. गेल्या शरद ऋतूत मर्लने निरोप पाठवला. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. कान पूर्ण गेले आहेत, समोरच्याचे ओठ पाहून समजते. टेकडीपलीकडचे घर सोडून ती वृद्धाश्रमात जाणार होती. तिथली खोली म्हणजे एक पलंग आणि एक खिडकी. रॉसची गिटार न्यायला जागा नाही, ती कोणाला तरी देऊन टाकायची, पण त्याआधी एकदा वाजलेली ऐकायची आहे, असा निरोप. बहिऱ्या बाईने ऐकायची आहे म्हणून कळवले, तेव्हा तिला काय हवे ते मला कळले.

मी विलियामीला बोलावले. मर्ल टॅक्सीतून उतरली, गिटारची पेटी छातीशी धरून, आणि पायरीवर थांबली.

"आत बोलावणार आहेस, की इथेच उभी करणार?"

"ये. पायरी ओली आहे, जपून ये."

"चाळीस वर्षं जपूनच राहिले," ती म्हणाली आणि आत आली.

पेटी भिंतीकडून वळवायला विलियामी पुढे झाला. त्याने आधी टोपी काढली. "मावशी, परवानगी आहे ना यांची?" त्याने पेटीकडे बघत विचारले. मी हो म्हटले. मर्लला पेटीसमोर स्टुलावर बसवले आणि तिचे दोन्ही तळहात कापडावर ठेवले. मोठ्या पेटीला काहीच जोडले नव्हते. विलियामीने रॉसची गिटार घरच्या दहा इंची पेटीला लावली, तारा सुरात आणल्या आणि चर्चमधले एक संथ गाणे वाजवायला लागला.

मर्लचा चेहरा कोराच होता. मग विलियामी खालच्या तारेवर त्या जागी आला आणि तिचे डोळे मिटले.

तो सूर दोन-तीनदा आल्यावर ती म्हणाली, "उशिरा येतोय."

"काय?" मी विचारले, पण तिचे डोळे मिटलेले होते, तिला माझे ओठ दिसत नव्हते.

"मेला उशिरा येतोय. सगळे पुढे गेल्यावर. बँडमधे ह्याला हीच बोलणी बसायची."

विलियामी थांबला नाही. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होते, आणि तो रॉसला कधी भेटलेलाही नव्हता. मी भिंतीला टेकून उभी होते, कारण मर्लचे बोलणे खरे होते. रॉस नेहमीच किंचित मागून यायचा. हे मी विसरले होते. इतकी वर्षे तो आवाज ऐकत होते आणि त्यातली हीच एक गोष्ट मला कळली नव्हती.

गाणे संपल्यावर मर्लने हात मांडीवर घेतले. माझ्याकडे न बघता ती बोलायला लागली.

"पट्टा नगेटनं बांधला होता. वाटेत रोजबेरीला ते पाय मोकळे करायला थांबले. थंडी होती, रॉसचा कोट पेटीखाली अडकलेला. त्यानंच पट्टा सोडला, कोट ओढून काढला आणि आत जाऊन बसला. नगेटनं त्याच आठवड्यात मला सांगितलं."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

ती आता माझ्या ओठांकडे पाहत होती. "तुला सांगितलं असतं तर मी कोणाला धरलं असतं, डेल्मा? त्याला? तो मेला होता."

मी तिला चहा केला. तिने दोन कप प्यायले, वर माझ्या केकला कोरडा म्हणाली.

कलम ७. रॉसची पबातली पेटी, म्हणजे दोन बारा इंची स्पीकरची, उघड्या पाठीची, जी त्या दिवशी दाराशी राहिली, ती नगेट ऊर्फ नॉर्मन डाउलिंग याला द्यावी. आधीच्या मृत्युपत्रात नगेटच्या कलमात फक्त शिवी होती आणि वकीलबाईंनी ती सभ्य भाषेत लिहिली होती. ती मागे घेते.

मर्ल येऊन गेल्याच्या दुसऱ्या सकाळी मी नगेटकडे गेले. तो आता एकटाच राहतो, धक्क्याजवळ. दार उघडून मला पाहिले तेव्हा तो एक पाऊल मागे सरला, मी मारेन असे वाटल्यासारखा.

"का नाही बोललास, नगेट?"

त्याला कशाबद्दल ते विचारावे लागले नाही. "बोललो असतो तर तू रॉसवर चिडली असतीस. मेलेल्या नवऱ्यावर चिडून बाई कुठे जाते? माझ्यावर चिडलेलं बरं. मी निदान दुकानात भेटतो."

"माझी बायको मला सोडून गेली त्यावरून," असेही तो नंतर म्हणाला, पण तक्रार म्हणून नाही. खिडकीबाहेर बोट दाखवून हवेबद्दल बोलावे तसे म्हणाला. त्याच्या बायकोला पट्ट्याचे ठाऊक नव्हते. तिला गावाइतकेच ठाऊक होते. बायकोबद्दलचे त्याचे ते वाक्य मी रोज ऐकते. पुढच्या खोलीतल्या आवाजापेक्षा जास्त ऐकते.

नगेटची बोटे आता आखडली आहेत. पेटी वाजवता नाही आली तर तिच्यावर बसावे. मजबूत आहे.

कलम ८. घरची एक दहा इंची पेटी आणि तिच्याबरोबरचा लहान अॅम्प विलियामी ताउफा याला द्यावा. रॉसची गिटार मर्लने त्याला तिच्या हयातीतच दिली आहे. त्या बदल्यात तिने एक अट घातली, ती मी इथे तिच्या वतीने नमूद करते: चर्च सुटल्यावर, जमेल त्या रविवारी, त्याने वृद्धाश्रमात तिच्या खोलीत येऊन वाजवावे. आवाज हळू ठेवावा. शेजारच्या खोलीत कॅप्टन म्हणून एक गृहस्थ आहेत, ते भिंत ठोकतात.

कलम ९. चार बारा इंची स्पीकरची, बंद पाठीची मोठी पेटी, जशी आहे तशी, वाकड्या पत्र्यासह आणि कापडावरच्या पिठाच्या डागासह, माझी नणंद मर्ल एडिथ कॅथकार्ट हिला द्यावी. तिच्या खोलीत पलंग आणि खिडकी यांच्यामध्ये ती ठेवावी. मी स्वतः जाऊन माप घेतले आहे. बसते. वृद्धाश्रमाच्या बाई म्हणाल्या, "एवढ्याशा खोलीत एवढं धूड? काय करणार त्या त्याचं?" मी म्हटले, बाजूचे टेबल म्हणून वापरतील, वर पाण्याचा पेला ठेवतील. जन्मभर मी लोकांना लहान खोलीत मोठी पेटी घेऊ नका म्हणत आले. ही एक मी स्वतःहून देते आहे. तिला अॅम्प जोडू नये. कोणी कधीही जोडू नये. पेटीने फक्त ऐकायचे आहे, आणि मर्लने हात ठेवायचा आहे.

ती पेटी जाईल तेव्हा माझे घर कसे होईल याचा मी विचार केला. मी नसेन, म्हणून विचार सोडून दिला. मी असेपर्यंत ती माझ्याकडेच राहील. एवढा स्वार्थ मला कायद्याने करता येतो, मी विचारून घेतले आहे.

मर्ल माझ्या आधी गेली तर पेटी विलियामीने घ्यावी, पाठ उघडून स्पीकर काढावेत आणि चार वेगवेगळ्या लहान पेट्यांत बसवून चार वेगवेगळ्या घरांत द्यावेत. रिकामे खोके त्याने ठेवू नये, समुद्राकाठी फोडून जाळावे. जळताना त्याने टोपी काढावी.

कलम १०. माझा अंत्यविधी लहान खोलीत करावा. पेटी साधी, पण कोपरे दाताला दात घातलेले हवेत, खिळे चालणार नाहीत. रॉसच्या शेजारी जागा आहे. मर्लने येऊन उभे राहावे ही विनंती, सक्ती नाही.

हे सर्व मी वाचून पाहिले, मला वाचून दाखवण्यात आले, आणि ते माझ्या मनासारखे आहे.

सहीच्या वेळची एक नोंद वकीलबाईंच्या हरकतीसह शेवटी जोडते. आज साक्षीदार म्हणून मी मर्लला बोलावले होते. ती चांगला कोट घालून, स्वतःचे पेन घेऊन आली. वकीलबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले की ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, त्याचा हक्क जातो. हे मला ठाऊक असायला हवे होते. मी मर्लसमोर जाऊन उभी राहिले, तिला ओठ नीट दिसावेत म्हणून.

"तुला सही करता येणार नाही, मर्ल."

"का? माझं डोकं फिरलंय असं म्हणतात का ह्या?"

"नाही. तुझं नाव आत आहे."

मला वाटले, आता काहीतरी झोंबणारे बोलेल. तिने पेनचे टोपण लावले, पेन पर्समध्ये ठेवले, आणि पर्स मिटायला तिला बराच वेळ लागला.

"मी बाहेर बसते," ती म्हणाली. "दार लावून घ्या."

ती बाहेरच्या बाकावर दाराकडे पाठ करून बसली आहे. तिला काही ऐकू येत नाही, तरी आत आम्ही सगळे हळू आवाजात बोलतो आहोत.

लिहून ठेवणार: डेल्मा रूथ कॅथकार्ट (सही)

वरील सही आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत झाली, आणि आम्ही एकमेकांसमोर व लिहून ठेवणारीसमोर सह्या केल्या. आम्हाला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: ऑड्री पेनिकोट, शेजारीण, ऑस्प्रे स्ट्रीट, दक्षिण बर्नी (सही)

साक्षीदार २: डग्लस वार्न, औषधविक्रेते, बर्नी (सही)

स्थळ: बर्नी, टास्मानिया
दिनांक: १९ जून २०२४